सात फळ्यांची पेटी

माझ्या गाडीच्या डिकीत गॅसची टाकी आहे. गाडी आधीच लहान, त्यात टाकी बसवल्यावर डिकीत उरतं काय, तर दोन पिशव्या आणि एक छत्री. अशा गाडीत सबवूफर बसवायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं हे सांगताना आज लाज वाटते. पण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीपासून बेळ्ळंदूरचं माझं ऑफिस तसं हाकेच्या अंतरावर. तरी सकाळी पोचायला तास लागतो आणि संध्याकाळी त्याहून जास्त. त्या तासात माणूस एकतर शिव्या देतो नाहीतर गाणी ऐकतो. मी दोन्ही करायचो. गाडीच्या स्पीकरमधून तबला ऐकू यायचा, पण डग्गा गायब. सबवूफर म्हणजे तेवढाच खालचा, पोटात घुमणारा आवाज काढणारा स्पीकर. तो नुसता ठेवून चालत नाही. त्याला बंद पेटी लागते, पेटीत ठरलेल्या मापाची हवा लागते आणि ती हवा कुठूनही गळता कामा नये. बाजारातल्या तयार पेट्या माझ्या डिकीत मावेनात. डाव्या चाकाच्या उंचवट्यामागे एक वेडावाकडा कोपरा तेवढा रिकामा होता.

मी हे रडगाणं एका रविवारी आईबाबांकडे गेलो असताना गायलं. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"मी काढून देतो ड्रॉइंग," ते म्हणाले. "कोपरा कितीही वाकडा असू दे, पेटी बसते. बसवणारा हवा."

बाबा इथल्याच एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी नोकरीसाठी महाराष्ट्रातून बंगळूरला आले, के. आर. पुरमला घर बांधलं आणि तिथेच निवृत्त झाले. आई त्याच ऑफिसात ट्रेसर होती. बाबा कागदावर पेन्सिलीने काढायचे, आई त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून तेच शाईने उतरवायची. दोघांच्या संसाराला या धंद्याची शिस्त होती. आमच्याकडे वाणसामानाची यादीसुद्धा ठळक, सुट्या, एका उंचीच्या अक्षरांत लिहिली जायची.

त्या ऑफिसचा एक नियम मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता की तो मला पाढ्यासारखा पाठ होता. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चार चौकटी असतात. ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्ड. काढलं कोणी, उतरवलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. ज्याने त्याने आपापल्या चौकटीत सही करायची आणि आपल्यापुरतंच बघायचं. ट्रेसरने तर समोर असेल ते चुकीसकट उतरवायचं. त्याने स्वतःच्या अकलेने दुरुस्ती केली तर मूळ कागद एक सांगणार आणि नक्कल दुसरं. ड्राफ्ट्समनकडून चूक होणारच, तो माणूस आहे. पण ती चूक कागदावर राहिली, तर अपराधी चेकर.

आईने नोकरीच्या पहिल्या वर्षी हा नियम मोडला होता. बाबांच्या एका ड्रॉइंगमधलं चुकलेलं माप तिने मूळ कागदावरच खोडून नीट केलं. बाबांनी वर तक्रार केली आणि तिला मेमो मिळाला. "माझ्या ड्रॉइंगला हात लावला होतास तू," असं बाबा पुढे चाळीस वर्षं म्हणत राहिले, आणि आई म्हणायची, "बरोबर केलं होतं." मेमोनंतर तिने युक्ती काढली. चूक दिसली की ती जशीच्या तशी उतरवायची, पण शेजारी पेन्सिलीने एक बारीक टिंब ठेवायची. शोधणाऱ्यालाच दिसेल इतकं बारीक. चेकर ते बघायचा, चूक पकडायचा आणि टिंब खोडून टाकायचा. नियमही शाबूत आणि कामही. बाबा म्हणायचे की त्या टिंबांमुळेच त्यांनी तिला मागणी घातली, नाहीतर अशी आगाऊ मुलगी कोण करणार.

हे सगळं मला माहीत होतं. पुन्हा सांगतो, माहीत होतं.

पेटीचं ठरलं त्याच वर्षाच्या सुरुवातीला आईच्या आग्रहावरून आम्ही बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. बाबांनी खिशातली स्वतःची पेन्सिल काढली. आधी मध्यरेषा आखल्या, मग नुसत्या हाताने असं वर्तुळ काढलं की मी डॉक्टरांकडे ऐटीत बघितलं. बाराही आकडे आपापल्या जागी. मग बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. काटे काढलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले की विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे, आता यांच्याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं, एकट्या माणसाचं हे काम नाही.

बाहेर येऊन मी आईला म्हणालो, "काट्यांची मापं दिली नव्हती. मग कसे काढतील?"

आई हसली नाही.

मला पेटी हवी होती ती डग्ग्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर बाबांनी ड्रॉइंग काढतो म्हटल्याबरोबर मला दुसरंच काही हवंसं झालं. ही पेटी बसली, हवा न गळता बसली, तर डॉक्टर खोटे. मग आईबाबांना इकडे आणायला नको, आमच्या दोन खोल्यांच्या घराची उलथापालथ नको, बायकोशी तो विषय काढायला नको, आणि मुख्य म्हणजे मला घाबरायला नको. मी एका लाकडी खोक्यावर बाबांचं डोकं पैजेला लावलं होतं. आणि ते शाबूत निघालं तर सगळ्यांत जास्त सोय माझी होणार होती.

पुढचे पाच-सहा रविवार मोजमापात गेले. बाबा डिकीत अर्धे आत शिरायचे, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चाकाच्या उंचवट्याला लावून बघायचे, कड खडूने रंगवायचे, पुन्हा कापायचे. टाकीपासून बोटभर अंतर हवं, मागचं दार लागताना स्पीकरच्या जाळीला घासता कामा नये, प्लायची जाडी आतल्या हवेतून वजा करायची, स्पीकरच्या मागचा लोहचुंबक जेवढी जागा खातो तीही वजा करायची. ते बोलत असायचे आणि मी कॉलेजातल्या मुलासारखा मान डोलवत असायचो. इतकं चोख बोलणारा माणूस आजारी कसा असेल?

दर रविवारी ते तोच कोपरा पहिल्यापासून मोजत होते. गेल्या रविवारचा आकडा वहीत होता, तरी मोजत होते. मी बायकोला कौतुकाने सांगितलं, जुनी माणसं अशीच, एकदा मापून त्यांचं समाधान होत नाही.

आईचा फोन आठवड्यातून तीन-चारदा यायचा आणि तो नेमका मी गाडीत असताना यायचा, कारण मी गाडीतच असायचो. ती तक्रारीच्या सुरात कधी बोलली नाही. हकिकत सांगितल्यासारखं सांगायची. आज हे डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले होते, गेटवरच्या माणसाने रिक्षात बसवून परत पाठवलं. मी म्हणालो, जुने मित्र आठवले असतील. आज यांनी दूध तापवायला ठेवलं, पातेलं काळं झालं. मी म्हणालो, माझ्याकडून रोज होतं.

मे महिन्यात एकदा म्हणाली, "काल मी आंघोळीला गेले आणि यांनी बाहेरून कडी लावली. मग फिरायला गेले. तीन तास आत होते मी."

मी इब्लूरच्या सिग्नलला अडकलो होतो. पुढच्या बसने धूर सोडला होता. "मग?" मी म्हणालो.

"मग काय, हाका मारल्या. शेजारच्या अक्कांना ऐकू आलं. त्या आल्या म्हणून बरं."

आणि मी हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसलो. "बाबांनी शेवटी तुला कोंडलंच म्हणायचं," असं काहीतरी म्हणालो. आपल्या घरात अशी थट्टा चालते, मला वाटलं चालेल.

ती म्हणाली, "तू एकदा येऊन नीट बघ. जेवायला नको, बघायला ये."

"अगं, दर रविवारी येतोय की," मी म्हणालो. "बाबा काय सुंदर ड्रॉइंग काढतायत. तू उगाच काळजी करतेस."

जूनमध्ये ड्रॉइंग पुरं झालं. दोन कागद. पहिल्यावर पेटी समोरून, बाजूने आणि वरून, दुसऱ्यावर फळ्यांची यादी. वाकड्या कोपऱ्यामुळे नेहमीच्या सहाऐवजी सात फळ्या लागणार होत्या. प्रत्येक फळीला नंबर, लांबी, रुंदी, तिरप्या कडेचा कोन. स्पीकरचं भोक कुठल्या फळीत, किती व्यासाचं. रेघा अशा की हात फिरवावासा वाटावा. आईने जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर अंथरून, शाईचं जुनं पेन गरम पाण्यात बुडवून मोकळं केलं आणि दोन दिवस बसून ते उतरवलं. डोळ्यांना त्रास होत होता, तरी उतरवलं. मी म्हटलं, कशाला, मी मोबाइलवर फोटो काढतो. ती म्हणाली, "रीतसर होऊ दे."

कोपऱ्यात चार चौकटी होत्या. ड्रॉनमध्ये बाबांची लपेटदार आद्याक्षरं, ट्रेस्डमध्ये आईची. बाबांनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"चेकर तू," ते म्हणाले.

"आणि अप्रूव्ड?"

"घरात साहेब नाही. तिथे रेघ मार."

मला इतकं भरून आलं की विचारू नका. जन्मभर ज्या चौकटींच्या गोष्टी ऐकल्या त्यातली एक माझ्या वाट्याला आली होती. आई माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती.

"नीट बघून कर," ती म्हणाली. "घाई नाही. लाल पेन्सिल देऊ?"

लाल पेन्सिल चुका दाखवायला असते. बाबांच्या ड्रॉइंगला लाल पेन्सिल! मी यादीवरून नजर फिरवली, फळ्या मोजल्या, सात भरल्या, आणि सही ठोकली. आईने कागद माझ्यासमोरून उचलला नाही. तशीच उभी राहिली. मग मीच तो गुंडाळला आणि रबर लावलं.

के. आर. पुरमच्या बाजारामागे प्लाय कापून देणाऱ्याचं दुकान आहे. मालक स्वतःच करवतीवर असतो, तोंडाला रुमाल, भुवयांवर भुसा. त्याने यादी फळीवर पसरली, पेन्सिलीने एकेक ओळ टिपत खाली गेला आणि परत वर आला.

"सर, स्वल्प नोडी," तो म्हणाला. "इदु एरडु सल बंदिदे." जरा बघा, हे दोनदा आलंय.

त्याचं बोट कुठल्या ओळीवर होतं हेसुद्धा मी पाहिलं नाही. माझं डोकं तडकलं. चाळीस वर्षं विमानाच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढलेल्या माणसाला हा करवतवाला शिकवणार! मी त्याला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये बजावलं की ड्रॉइंग तपासलेलं आहे, त्यात आहे तसं काप. वर सहीची चौकटही दाखवली.

त्याने सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरी सर," म्हणाला आणि करवत सुरू केली.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही घरापुढच्या मोकळ्या फरशीवर बसलो. सात फळ्या, स्क्रू, सुताराचा पांढरा गोंद, फटी बुजवायचं सिलिकॉन. बाबांनी जुना इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरच्या खिशात पेन्सिल. आई दारात बसून कोथिंबीर निवडत होती. पाठ, माथा, भोकाची फळी, डावी बाजू, उजवी बाजू, सगळं कागदाला कागद चिकटावा तसं बसत गेलं. मी मनात डॉक्टरांना चार शब्द सुनावले. सहावी फळी तिरपी. तीही बसली. मग बाबांनी सातवी उचलली.

ती पण तिरपी होती. अगदी तीच.

बाबांनी ती पेटीला लावून पाहिली. उलटी केली. आडवी केली. पेटी पालथी होती आणि वर आलेली तिची खालची बाजू सताड उघडी होती. ती तिरपी फळी तिथे कुठल्याही तऱ्हेने मावत नव्हती. पेटीला बूडच नव्हतं. बाबा फळी फिरवत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण आईची कोथिंबिरीची जुडी निवडून संपली.

"गाढवाने चुकीची कापली," बाबा म्हणाले. मी तेच म्हणणार होतो. त्यांनी यादी उलगडली, ओळींवरून बोट फिरवलं. सहावी ओळ आणि सातवी ओळ. तीच लांबी, तीच रुंदी, तोच कोन. बुडाची फळी यादीत नव्हतीच. पहिल्या कागदावर पाहिलं तर तिथेही तळाला फळीची जाडी दाखवणारी दुसरी रेघ नव्हती.

त्यांचं बोट कोपऱ्यातल्या चौकटीवर गेलं.

"चेक कोणी केलंय हे?"

"मी," मी म्हणालो.

मग ते ओरडले. मला ते असे कधी ओरडले नव्हते, दहावीला गणितात कमी मार्क पडले तेव्हाही नाही. "ड्राफ्ट्समन चुकणार! म्हणून तर तुला बसवलाय! बघायचं नव्हतं तर सही कशाला केलीस? कोणावर विसंबायचं माणसाने?" शेजारच्या अक्का गॅलरीत येऊन पुन्हा आत गेल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

ते दमले. पाणी प्यायले. कपाळ पुसलं. मग फरशीवर बसले, सातवी फळी उचलली आणि पेटीला लावून पाहिली. उलटी केली. आडवी केली.

"गाढवाने चुकीची कापली," ते म्हणाले.

मला आधी वाटलं ते चेष्टा करतायत. त्यांनी यादी उलगडली. बोट सहाव्या ओळीवर आलं, सातव्या ओळीवर आलं, मग कोपऱ्यात गेलं. "चेक कोणी केलंय हे?"

"मी," मी म्हणालो, आणि ते पुन्हा ओरडले. तेच शब्द, त्याच क्रमाने.

तिसऱ्यांदा त्यांनी फळी उचलली तेव्हा मी त्यांच्या हातातून ती काढून घ्यायला पुढे झालो. त्यांनी ती घट्ट धरली. माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मी त्यांचा मुलगा नव्हतो, ऑफिसात नुकताच लागलेला कुणीतरी होतो. तिसऱ्यांदा ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "नवीन आहात ना तुम्ही? होतं असं. पुढच्या वेळी नीट बघत जा."

माझ्या वडिलांनी मला अहो-जाहो केलं. मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो.

आई माझ्या मागून आली. मी तिच्यावर चिडलो. हो, तिच्यावर. "तुला दिसलं होतं," मी म्हणालो. "दोन दिवस ते उतरवत होतीस. ओळ दोनदा आलीय हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग सांगायचंस ना! त्यांना असं फरशीवर बसवून..."

"सांगितलं," ती म्हणाली. "सहा महिने सांगतेय. तू फोनवर हसतोस. मग म्हटलं, माझं ऐकत नाहीस, निदान ड्रॉइंग तरी वाचशील. टिंब पण ठेवलं होतं."

मी बाहेर जाऊन ट्रेसिंगचे दोन्ही कागद उचलून आणले आणि खिडकीच्या काचेवर धरले. सातव्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीचं टिंब होतं. पहिल्या कागदावर बुडाच्या जागेशी आणखी एक. एरवी ती ठेवायची त्यापेक्षा मोठी होती ती टिंबं, आंधळ्यालाही दिसावीत इतकी. माझी सही यादीतल्या टिंबापासून वीतभर अंतरावर होती.

कागद काचेवरून काढताना शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. त्याच्यावर आई दुधाचे खाडे लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते. पण तारखांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीची टिंबं होती. मी मागची पानं उलटली. जानेवारीत तीन. फेब्रुवारीत सहा. एप्रिलमध्ये आठवड्याला तीन-चार. मे महिन्यातल्या एका तारखेपाशी ते टिंब इतकं दाबून काढलेलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. मी तारीख मनात जुळवली. न्हाणीघरात तीन तास.

जूनच्या पानावर मोकळ्या तारखा मोजणं सोपं होतं.

माझ्या आईने स्वतःचं अर्धं वर्ष जसंच्या तसं उतरवून भिंतीवर टांगून ठेवलं होतं, आणि मी दर रविवारी त्याच्याखाली बसून पोहे खाल्ले होते. मला रडू आलं. तिने मला जवळबिवळ घेतलं नाही. गॅसवरचं पातेलं उतरवलं, बर्नरची बटणं एकेक हात लावून तपासली, आणि म्हणाली, "ते बाहेर एकटे आहेत. जा."

दिवाळीच्या आधी त्यांना आमच्याकडे आणलं. घराची उलथापालथ झाली, बायकोशी बोलणं झालं, ज्याला मी घाबरत होतो ते सगळं झालं, आणि त्यातलं काहीही आईच्या एका एप्रिलएवढं जड नव्हतं. पेटी पुरी केली नाही. के. आर. पुरमच्या बंद घरात ती बुडाशिवाय पालथी पडली आहे. गाडीत डग्गा अजून ऐकू येत नाही. आता फोनही येत नाही, कारण फोन करणारी घरातच असते.

बाबा ड्रॉइंग काढतात. सकाळी नाश्ता झाला की त्यांना टेबलाशी बसवायचं, कागदाचे कोपरे चिकटपट्टीने बसवायचे, हातात पेन्सिल द्यायची. सुरुवातीला पेट्या यायच्या. सात फळ्यांच्या, मग पाच फळ्यांच्या, मग तीन. रेघ मात्र अजून तशीच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका जाडीची. आई प्रत्येक कागद ट्रेस करते. तिला विचारलं, आता कशाला, तर म्हणाली, "त्यांनी काढलंय ना." रविवारी मी तपासतो. लाल पेन्सिल घेऊन, घड्याळ न बघता. आधी टिंबं शोधत नाही. आधी स्वतः चुका शोधतो, मग टिंबांशी ताडून पाहतो. अजून एखाद-दुसरी माझ्याकडून निसटते.

गेल्या रविवारी बाबांनी दिलेल्या कागदावर फक्त चौकट होती. चारी बाजूंनी समास आखलेला, कोपऱ्यात चार चौकटी, आणि मध्ये काहीच नाही. मी बराच वेळ पाहिलं. कोऱ्या जागेत चूक कुठे शोधणार? आईचं ट्रेसिंग त्यावर ठेवलं. ते तंतोतंत होतं. मग टिंब दिसलं.

ते ड्रॉनच्या चौकटीपाशी होतं. चौकट रिकामी होती.

"बाबा," मी म्हणालो, "इथे सही राहिली तुमची."

त्यांनी पेन्सिल घेतली. टोक चौकटीत टेकवलं. तिथेच धरून ठेवलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं, आजूबाजूच्या माणसाकडे पत्ता विचारताना बघतात तसं.

आईने त्यांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. मूळ कागद आपल्याकडे ओढला. त्या एका मेमोनंतर तिने त्यांच्या मूळ कागदाला कधी हात लावला नव्हता. तिने चौकटीत त्यांची आद्याक्षरं काढली, त्याच लपेटीने, शेवटच्या अक्षराच्या त्याच तिरप्या फराट्यासकट. इतकी वर्षं तिने ती उतरवली होती.

बाबा वाकून सहीकडे पाहत राहिले. त्यांना ती आवडली असावी.

"चांगला हात आहे," ते म्हणाले. "कोण आहे हा?"

आई पेन्सिलीने केलेलं ते टिंब खोडत होती.

"आणि चेक कोण करणार?" बाबांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.